वाघमामा आणि बायकोच्या माश्या

प्राणिसंग्रहालयात वाघाची देखभाल करणाऱ्या त्या माणसाला सगळे वाघमामा म्हणत. हे नाव त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की तो कोथिंबीर आणायलाही छाती काढून जायचा. वाघ मात्र जन्मापासून पिंजऱ्यातला. मांसाचं घमेलं यायला उशीर झाला, की दाराशी बसून कुरकुरायचा.

वाघमामाची बायको कीटकांच्या प्रयोगशाळेत परोपजीवी गांधीलमाश्या वाढवायची. ठिपक्याएवढी ही माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू ते अंडं आतून फस्त करतं आणि अळी जन्मालाच येत नाही.

जेवताना वाघमामाला हटकून चेव यायचा.

"आमच्या वाघानं नुसती जांभई दिली तरी लोक मागे सरकतात. तुझी माशी कुणी शिंकलं तरी उडून जाईल!"

"शेवटची शिकार कधी केली हो तुमच्या वाघानं?"

"त्याला गरजच काय? सगळं आयतं मिळतं."

"तेच म्हणते मी. भाजी वाढू?"

वाघमामानं ताट पुढे केलं.

त्या वर्षी वाघाच्या आवारातल्या झाडांवर केसाळ अळ्या पडल्या. त्या टपाटप खाली पडायच्या. एक नेमकी वाघाच्या नाकावर पडली. नाक सुजलं, आणि महाराज जे आतल्या खोलीत शिरले ते बाहेर येईनात. तिकीट काढून आलेले लोक रिकामं आवार बघून वैतागायचे. औषध फवारावं, तर वाघाच्या पाण्यात उतरणार. प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी हात टेकले. वाघमामा अंग खाजवत घरी आला.

"अगं, तुझ्या त्या माश्या... मिळतील का थोड्या?"

"कुणी शिंकलं तर?" असं म्हणाली खरी, पण दुसऱ्याच दिवशी ती, आत माश्या वाढत असलेली पतंगाची अंडी चिकटवलेले कागदाचे तुकडे घेऊन हजर झाली. वाघमामा शिडीवर चढून ते पानांखाली अडकवू लागला. खालून ती बजावत होती, "आहेत त्या अळ्या आपल्या मरणानं मरतील. पुढची पिढी येणार नाही. अहो, हळू! चुरगळाल!"

पुढच्या खेपेला अळ्या नावालाच दिसल्या. वाघ बाहेर येऊन उन्हात पसरला. साहेबांनी वार्ताहरांना बोलावलं. पण माशीचा फोटो काढणार कसा? शेवटी वाघाचाच छापला. खाली ओळ होती: 'संकटावर मात करणारा शूर वाघ.'

बायको पोट धरून हसली. वाघमामाला मात्र तो पेपर घरात ठेवायचीही लाज वाटली. तो तडक साहेबांकडे गेला आणि माशीच्या नावाची पाटी लावा म्हणून हटून बसला. साहेब कंटाळून हो म्हणाले. "पण माशी लोकांना दिसेल एवढी मोठी काढा," त्यांनी पेंटरला बजावलं. पेंटरनं ती वाघाच्या दुप्पट काढली आणि हौसेनं वर पट्टेही ओढले.

आता पोरं वाघासमोर खुशाल वाकुल्या दाखवतात आणि पाटी दिसली की आईच्या मागे लपतात. वाघमामा पुढे होऊन सांगतो, "घाबरू नका. आमच्या घरचीच आहे."

तो माशीबद्दल बोलतो की बायकोबद्दल, हे विचारायची कुणाची छाती होत नाही.