रफूबाईंनी उपटलेलं रोप

रफूबाईंचं खरं नाव दवाखान्यात फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. धुलाईघराला लागून एक लांबट खोली, तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीखाली बसून एकतीस वर्षं त्यांनी चादरी, पडदे, रोग्यांचे झगे, बाळांची दुपटी दुरुस्त केली. फाटलेलं जोडायचं आणि जोडलेलं कुणाला दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे बोलणं कमी आणि नेमकं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळ झाला नाही," आणि सुईत दोरा ओवायला घ्यायच्या.

घरात दुसरं माणूस म्हणजे धाकटी बहीण. साठीला टेकली तरी ती धाकटीच. नवरा गेल्यावर एक ट्रंक आणि दोन उशा घेऊन ती अक्काकडे राहायला आली, त्याला वीस वर्षं झाली. ती बसस्थानकावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीशी बसायची. लोक काय काय विसरतात ते ती संध्याकाळी साभिनय सांगायची. छत्र्या, चष्मे, एकदा तर कवळी. आणि कवळीचा मालक तोंडावर हात धरून न्यायला आला तेव्हा हिनं त्याला विचारलं होतं, "ओळख पटवायला घालून दाखवता का?" सहा महिन्यांत कुणी आलं नाही तर वस्तू निकालात निघायची. अशाच एका बेवारस पिशवीत तिला बियांचं पाकीट सापडलं. वर परकी अक्षरं आणि एक चित्र. हिरवा टोमॅटो, पण कागदी पिशवीत बांधल्यासारखा.

"अक्का, हे बघ. देवानं बांधून पाठवलेलं फळ."

"कुणाचं तरी आहे ते. परत ठेव."

"ज्याचं होतं तो सहा महिन्यांत आला नाही. आता मातीला विचारते."

घरामागे चार खाटा मावतील एवढी जागा होती. तिथे ते उगवलं, छातीएवढं झालं, आडवंतिडवं पसरलं, आणि पिवळ्या फुलांमागे खरंच हिरवे कागदी कंदील लटकले. पुढे रोपवाटिकेच्या कुंडीवाल्यांनी त्याचं नाव टोमॅटिलो असल्याचं सांगितलं, पण घरात त्याला कागदी टोमॅटोच म्हणायचे. फळ आत वाढत जायचं, कंदील तट्ट भरायचा, आणि मग एके दिवशी त्याचं टरफल तळाशी फाटायचं. तोवर तोडायचं नाही, हा धाकटीचा दंडक. "कच्चं कडू लागतं. त्याचं त्याला फुटू दे." पुष्कळशी फळं आपणच खाली पडायची. ती सकाळी वेचायची, टरफल सोलायची, आतला चिकटपणा धुवायची, तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजायची आणि मीठमिरची घालून ठेचायची. पहिला घास घेताना उजवा डोळा गच्च मिटायची. रफूबाईंचे दात आंबायचे, त्या लांबूनच बघायच्या. बागेत त्यांचं काम पाण्याची नळी धरण्यापुरतं.

त्या वर्षी रोपं वीतभर झाली आणि धाकटी आजारी पडली. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात तपासून घ्यायला गेली ती तिथेच राहिली. दाखल होताना अक्काला एवढंच म्हणाली, "पाणी मुळाशी घाल, पानांवर नको. पंधरवड्यात येतेच मी."

वाफ्यात दोन रोपं होती. एक ताठ, जाड दांड्याचं. दुसरं त्याच्यापासून हातभर लांब, किरकोळ, एका अंगाला कललेलं. रफूबाईंनी दोन दिवस त्यांच्याकडे पाहिलं. वांग्याच्या आळ्यात दोन उगवली तर धाकटी एक काढून टाकते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. शिवाय निघालेला दोरा दिसला की कापायचा, हे हातांना एकतीस वर्षांचं वळण. त्यांनी कललेलं रोप उपटलं, मुळांची माती झटकली आणि ते कचऱ्याच्या खड्ड्यात टाकलं. वाफा कसा नीटस दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. "एकच ठेवलंय. जोमदार आहे ते."

धाकटीनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, मग म्हणाली, "बरं."

पंधरवड्याचा महिना झाला, महिन्याचे दोन. दवाखाना तोच, जिथे रफूबाईंची हयात गेली. धाकटीच्या अंगाखाली त्यांच्याच हातचं ठिगळ असायचं. त्या त्यावरून बोट फिरवायच्या आणि टोचत नाही ना ते बघायच्या. औषधांनी धाकटीच्या तोंडाची चव गेली. भात कागदासारखा लागतो म्हणायची, दूध खडूसारखं.

"कशाचीच चव नाही ग अक्का. एक आंबट तेवढं पोचेल असं वाटतं. आपल्या कागदी टोमॅटोचं. बाजारातलं लिंबू नको, ते देऊन पाहिलं नर्सबाईंनी, नुसतं झोंबलं."

"आणते ना. फुलं आलीयेत."

"आली? किती?"

"मोजायला मी काय बसस्थानकात नोकरीला होते?"

तेव्हापासून धाकटी रोज विचारायची आणि रफूबाई रोज सांगायच्या. फुलं खरोखरच होती. झाड पिवळंधमक झालं होतं, मधमाश्या घोंगावत होत्या. पण बरीचशी फुलं गळून जात होती, आणि ज्यांच्यामागे कंदील धरला त्यांना बोटांनी दाबलं की ते चपटे व्हायचे. रफूबाईंनी आणखी आठवडाभर वाट पाहिली. एक कंदील तोडून शिवणीसारखा उसवला. आत मोहरीएवढा वाळका ठिपका होता, बाकी हवा.

"भरलेत का ग?" धाकटीनं विचारलं.

"भरतायत," रफूबाई म्हणाल्या. आयुष्यात खोटं फारसं बोललेल्या नसल्यामुळे त्यांनी ते खिडकीकडे बघून सांगितलं.

त्या दिवशी त्या दवाखान्यातून घरी न जाता एक फांदी घेऊन थेट कुंडीवाल्यांकडे गेल्या. कुंडीवाले त्यांच्याच वयाचे, कानामागे पेन्सिल खोचलेले गृहस्थ. त्यांनी कंदील कानाशी हलवून पाहिला.

"झाडं किती आहेत?"

"एक."

"मग कसं धरेल? ह्याला शेजारी दुसरं लागतं. एकट्याला फळ येत नाही."

"टोमॅटोला येतं की."

"टोमॅटो एकट्यानं संसार करतो. हा नाही करत."

"मला नाही सांगितलं कुणी."

"तुमच्या बहिणीला पक्कं ठाऊक आहे. दरवर्षी दोन ठेवते ती. मीच सांगितलं होतं तिला."

रफूबाई तिथल्याच एका उपड्या कुंडीवर बसल्या. मग म्हणाल्या, "ह्याचीच एक फांदी दुसरीकडे रोवली तर?"

"ते दुसरं कुठे झालं? ते हेच."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कुंडीवाले मागे गेले आणि काळ्या पिशवीतलं एक खुरटलेलं रोप घेऊन आले. धाकटीनंच दिलेल्या बियांचं होतं. पानं पिवळी पडलेली, पण शेंड्याला चार कळ्या. कुणी नेलं नाही म्हणून भिंतीशी राहिलं होतं. "न्या," ते म्हणाले. "जगलं तर दोन महिन्यांत फळ."

"दोन महिने," रफूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात त्यांना बाहेर बाकावर बसवून सांगितलं होतं की, दोन महिने मिळाले तर पुष्कळ झाले.

घरी येऊन त्यांनी ते खुरटं रोप पहिल्याच्या शेजारी, जिथलं उपटलं होतं तिथेच लावलं. मग हात धुऊन देवापुढे बसल्या. बहीण बरी होऊ दे असं त्यांनी मागितलं नाही, तो हट्ट त्यांनी सोडला होता. एक फळ मागितलं, तेही लवकर.

रोप आधी मान टाकून बसलं, मग सावरलं. बाराव्या दिवशी त्याला दोन फुलं उमलली. रफूबाई स्टूल घेऊन वाफ्याशी बसल्या आणि माशी ह्या झाडावरून त्या झाडावर कधी जाते ते बघत राहिल्या. धीर धरवेना तेव्हा रफूच्या मऊ दोऱ्याचा गोंडा करून त्यांनी एका झाडाच्या फुलातले कण दुसऱ्याला पुसले. एवढ्या बारीक कामाची त्यांच्या हातांना सवय होतीच. तीन आठवड्यांनी जोमदार झाडाचा एक कंदील दाबला तर आत काहीतरी घट्ट लागलं. हरभऱ्याएवढं. त्या तशाच चपलेनिशी दवाखान्यात निघाल्या.

"छोटे, भरलंय."

धाकटी आता फार हळू बोलायची. "आत्ता भरलं. आधी नव्हतं ना?"

"तुला कसं कळलं?"

"एक ठेवलं म्हणालीस तेव्हाच कळलं. एकाचं कधी भरत नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? मी त्याच दिवशी दुसरं लावलं असतं. आत्तापर्यंत टोपलीभर..."

"मला वाटलं, पंधरा दिवसांत घरी जाते, माझं मीच लावीन. आणि तुला चांगली दटावीन. कधी नव्हे ते तू चुकली होतीस, ती संधी मला इथे पडून वाया घालवायची नव्हती." तिनं जरा श्वास घेतला. "मग जाणं होत नाही असं दिसलं. तेव्हा वाटलं, आता सांगून तुझं तोंड कशाला उतरवू?"

"रोज विचारत होतीस ते?"

"विचारायची थांबले असते तर तुला समजलं नसतं का?"

रफूबाईंनी चादर उगाच ओढून सारखी केली.

"किती दिवस लागतील?" धाकटीनं विचारलं.

"महिना."

"थांबते," ती म्हणाली. "पण कच्चं तोडू नकोस हं. टरफल फुटल्यावरच."

रफूबाई रोज सकाळी कंदील चाचपायच्या. हरभऱ्याची सुपारी झाली, सुपारीचं लहान लिंबू. कंदिलात अजून बोटभर हवा होती. तिसऱ्या आठवड्यात धाकटीचं बोलणं थांबलं. रफूबाईंना वाटलं, आता तोडावं. पण हात लावला की "कच्चं कडू लागतं" आठवायचं. एवढे दिवस चव नसलेल्या तोंडाला पहिली चव कडू द्यायची? एकदा धाकटीच्या बागेत आपल्या मनानं हात घातला होता, त्याचं काय झालं ते समोर होतं. त्या तोडायला वाकायच्या आणि सरळ व्हायच्या. आणखी एक दिवस, म्हणायच्या. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी नर्सबाईंनी निरोप धाडला. तेव्हा मात्र त्यांनी विचार केला नाही. सगळ्यात मोठं फळ कंदिलासकट तोडलं, पदराला बांधलं आणि गेल्या.

धाकटीचे डोळे मिटलेले होते. श्वास मधेच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. नर्सबाई रफूबाईंना जुन्या ओळखीच्या. त्यांनी दाराचा पडदा ओढला, फळाला चीर दिली आणि म्हणाल्या, "गिळवू नका. नुसतं ओठांना लावा."

रफूबाईंनी बोटाच्या टोकानं तो रस तिच्या खालच्या ओठावर लावला. मग वरच्या. आणि तिच्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिल्या. तो गच्च होतो का, पापणीशी एखादी सुरकुती पडते का. पण मिटलेला डोळा आणखी काय मिटणार.

"कळलं असेल का हो तिला?"

"असेल," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनीही ते खिडकीकडे बघूनच म्हटलं.

चिरलेल्या फळाची एक फोड रफूबाईंनी स्वतः चाखून पाहिली. ती आंबटच होती. कडू अजिबात नव्हती. चार दिवसांपूर्वीही ती कदाचित कडू नसती.

धाकटी दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

माणसं आली, बसली, आपापल्या घरी गेली. कुंडीवाले येऊन ओट्यावर बसून राहिले आणि उठताना एवढंच म्हणाले, "बागेला पाणी घालत चला." रफूबाई मागच्या दारी गेल्या नाहीत. पाणी घातलं तेही दारातूनच नळी सोडून.

आठ दिवसांनी सकाळी मागच्या बाजूला टप्प असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा झाला. त्या दार उघडून बाहेर गेल्या. जोमदार झाडाखाली पाच-सहा फळं पडली होती, टरफलं तळाशी फाटलेली, आतली हिरवी कातडी तुकतुकीत. खुरट्यानंसुद्धा तीन धरली होती. फांद्यांवर तर जागोजाग कंदील तट्ट भरले होते. इतकं पीक धाकटीच्या हातालाही कधी लागलं नव्हतं.

रफूबाई वाफ्याच्या कडेवर बसल्या. देवाला एरवी त्या काहीबाही मागायच्या, निदान आभार मानायच्या. त्या दिवशी त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. नुसतं सांगितलं, "आठ दिवस. तुला जड नव्हते." आणि जरा वेळानं, "आणि माझे चार."

मग त्या तशाच बसून राहिल्या. उन्हं भिंतीवर आली. पडलेल्या एका फळाला मुंग्यांची रांग लागली, दुसऱ्याकडे वळली. आणखी एक फळ त्यांच्या पायाशी पडलं. वेचल्याशिवाय ती तिथेच सडली असती, आणि पिकलेलं सडू देणं धाकटीच्या बागेत कधी झालं नव्हतं. रफूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि टोपली आणायला आत गेल्या.