तिच्या पगारातल्या चपला

काल चपलांच्या दुकानात एक तरुण बाई माझ्या शेजारी बसली होती. दवाखान्यात नर्स आहे म्हणाली. नव्या चपला पायात घालून तिनं नवऱ्याला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"अहो, साडेतीनशेच्या आहेत. घेऊ का?"

"जुन्या शिवून नाही चालणार? थांब, बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी विचारलं, "पोरी, तुझा पगार होत नाही का?"

"होतो की, आजी. पण कार्ड त्यांच्याकडं असतं. मला व्यवहारातलं कळत नाही."

दिवसभर माणसांना सुया टोचते, औषधं मोजून देते, आणि हिला व्यवहार कळत नाही! आम्ही नवऱ्यापुढं हात पसरले, कारण घरात राबल्याचे आम्हाला कुणी पैसे देत नव्हतं. हिला तर मिळतात. संसार दोघांचा, खर्चही दोघांचा, हे मला मान्य आहे. मग किल्ली एकाच्याच कमरेला का?

नवऱ्याचा फोन आला. "बरं, घे. दुकानदाराला पाठवतो पैसे."

तिचा चेहरा उजळला. "बघा आजी, ते कधी नाही म्हणत नाहीत!"

मला नवऱ्यापेक्षा तिच्या त्या आनंदाचाच जास्त राग आला.