परशरामनं पास केलेली प्रिंट

पिरनवाडीच्या परशरामबरोबर सिनेमा बघायचा म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. हा गडी गोष्ट बघतच नाही, प्रिंट बघतो. हिरो मरायला टेकलेला असतो आणि हा रिमोट दाबून टीव्हीजवळ जातो. "सावलीत चौकोन पडल्यात बघ. आभाळात पट्टे आल्यात. नापास." फौंड्रीत लोखंडाची ओतीव कास्टिंगं तपासून तपासून त्याला हा रोग जडला. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून हे मलाच भोगावं लागतं.

फौंड्रीत नापास झालेला जॉब त्याच दिवशी परत भट्टीत जातो, नाहीतर चुकून चांगल्या मालात मिसळतो. परशरामनं घरीही हीच शिस्त लावली होती. सिनेमाची चांगली कॉपी मिळाली की जुनी लगेच पुसून टाकायची.

लष्करी कॅम्पातल्या एका सुभेदारानं त्याला एक जुना मराठी सिनेमा दिला होता. प्रिंट अगदी गचाळ, पडद्यावर सतत रवा उधळल्यासारखे दाणे. पण त्यात गुंजी स्टेशनवरच्या गर्दीत परशरामची आई होती. शूटिंग आलं तेव्हा जयाबाई अठरा वर्षांची. डोक्यावर पाटी घेऊन चालते, कॅमेऱ्याकडं बघून हसते, चार सेकंदांत संपतं. ती जाऊन सहा वर्षं झाली. फोटो आहेत, पण हलती-चालती जयाबाई तेवढीच. परशरामचे वडील भरमूआप्पा दर रविवारी ते चार सेकंद बघायचे.

मागच्या महिन्यात त्याच सिनेमाची नवी एचडी कॉपी मिळाली, चौदा जीबीची. परशरामनं तीन जागा तपासल्या: सुरुवातीच्या नावांमागचा काळा रंग, आभाळ आणि नायिकेच्या साडीचे काठ. सगळं लख्ख. पास. जुनी कॉपी पुसली आणि रिकाम्या जागेत दुसरे सिनेमे भरलेसुद्धा. गुंजीचा सीन या शहाण्यानं उघडलाच नाही. अजून माझं डोकं फिरतं.

रविवारी आम्ही तिघं बघायला बसलो. स्टेशन आलं. नावाचा फलक, रूळ, सगळं स्वच्छ. पण दाणे काढणाऱ्यानं दाण्यांबरोबर गर्दीतले चेहरेही घासून काढले होते. जयाबाईच्या कपाळावरचं गोंदण नव्हतं, हसू नव्हतं. नाक-डोळे नसलेली एक बाई पाटी घेऊन निघून गेली.

"जया कवा येती रं?" आप्पांनी विचारलं.

"गेली की आप्पा. पाटीवाली."

"ती न्हवं," आप्पा म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

परशराम प्रिंट करणाऱ्याच्या नावानं शिव्या द्यायला लागला. मी म्हटलं, "पास तू केलीस." मग आठवडाभर त्यानं जंग जंग पछाडलं. सुभेदाराची बदली झालेली, नंबर बंद. पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर लावलं, त्यातूनही काही निघालं नाही.

पुढच्या रविवारी आप्पा आले. "आज पयली लाव. खराब असली तर असू दे."

परशराम टीव्हीच्या मागं वाकला. "वायर गेल्या आप्पा. जरा वेळ लागंल."

"लागू दे की," म्हणत आप्पांनी खुर्ची पुढं ओढली आणि चष्मा पुसून बसले.