ओठांवरून कळतं म्हणे

सिनेमात बहिरं माणूस आलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. घरचे आता हसतात. मुलगा तर आधीच सांगून टाकतो, यात कुणी बहिरं नाही, निवांत बस. नवरा म्हणतो, बिचारी किती छान काम करते, तुला रडू कसं येत नाही? मला रडू येत नाही, राग येतो. आणि तो एका मालिकेपासूनचा आहे.

माझी आई बहिरी होती. लहानपणी तापात तिचे कान गेले, आणि कान गेले म्हणून बोलणं आलंच नाही. गावात तिला सगळे मुकी म्हणत. मुकीचा नवरा, मुकीची पोरगी, मुकीची गाय, असा आमच्या घराचा पत्ता होता. हातांची एक भाषा असते आणि ती शिकवतात, हे आमच्याकडं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग आम्ही मायलेकींनी आमची आमची एक केली. मिशीला पीळ म्हणजे वडील. दोन मुठी आळीपाळीनं खाली ओढल्या की दूध, आणि किटली उचलून दिल्यासारखं केलं की दूध सोसायटी. वडिलांना यातलं निम्मंशिम्मं यायचं. गावातल्या लोकांना ये, जा, जेवलीस का, एवढंच. बाकी सगळं तिचं बोलणं माझ्याशी, आणि ते काही थोडंथोडकं नव्हतं. चुलीपुढं बसली की हात चालायचे आणि तव्यावर भाकरी करपायची.

मी दहावीत होते त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. विहिरी दिवाळीच्या आधीच आटल्या. वडील टोळीबरोबर ऊसतोडीला सांगलीकडं गेले. एरवी आईही जायची, पण त्या वर्षी माझी परीक्षा होती आणि गाय गाभण होती, म्हणून आम्ही दोघी मागं राहिलो. फेब्रुवारीत गावातला कडबा संपला तेव्हा सोसायटीनं वडवणी-तेलगाव रस्त्याकडेच्या माळावर चारा छावणी उघडली. जनावर तिथं नेऊन बांधायचं आणि त्याच्याजवळ आपणही राहायचं. आम्ही चार लाकडं रोवून वर जुनी लुगडी टाकली आणि गायीच्या शेजारी संसार मांडला. शाळा वडवणीला, ती तिथून जवळच पडली. ती गाय जगवायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी तिला वासरू होऊ द्यायचं, एवढं एकच काम आईपुढं त्या वर्षी होतं. स्वतःच्या वाटणीचं पाणी ती तिला पाजायची. मी रागावले तर म्हणायची, ती दोन जिवांची आहे, मी एकटीच आहे.

छावणीत दिवसभर बायकांना काम असं नसतं. चारा टाकायचा, शेण उचलायचं आणि टँकरची वाट बघायची. म्हणून सोसायटीच्या लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये टीव्ही लावून दिला. संध्याकाळी एक मालिका लागायची आणि तिच्यातली मोठ्या घरची सून बहिरी होती.

या सुनेचं मला आजही आश्चर्य वाटतं. तिला सगळं ओठांवरून कळायचं. सासू पाठमोरी उभी राहून बोलली तरी कळायचं, दिवे गेले तरी कळायचं. ती हातांनी बोलायला लागली की हातभर बांगड्या वाजायच्या, सारंगी सुरू व्हायची आणि कॅमेरा हळूहळू तिच्या डोळ्यांवर जायचा. हात चौकटीबाहेर! जे ती बोलतेय तेच कापलेलं. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी म्हणायचे, अरे, हात दाखवा की आधी.

आईनं मात्र टीव्हीवर कुणाला हातांनी बोलताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. तिनं मला कोपरानं ढोसून विचारलं, ही काय म्हणतेय? मला कुठं ठाऊक? ते हात आमचे नव्हते. आईलाही त्यातलं काही लागलं नाही. तरी ती रोज वेळेआधी जाऊन बसायची. मला शाळेतून यायला उशीर झाला तरी ती शेडमध्येच सापडायची, आणि तोंडावर असं हसू, की मला त्या सुनेचा आणखीच राग यायचा.

पण एक गोष्ट झाली. महिनाभर ती सून पाहिल्यावर बायकांना आई दिसायला लागली. आमच्या शेजारच्या दावणीला एक बाई होती, दोन बैल घेऊन आलेली, स्वभावानं मोकळी, आवाजानं त्याहून मोकळी. तिनं पहिल्यांदा आईला पुढची जागा दिली. मुकी म्हणायचं सोडून वैनी म्हणायला लागली. मग बाकीच्याही. आईच्या पुढ्यात बसायच्या, तोंड तिच्या तोंडाजवळ न्यायच्या आणि एकेक शब्द ओढून ओढून, ओठ ताणून बोलायच्या. सुनेचं कळतं तसं हिचंही कळत असणार, अशी त्यांची खात्री झाली होती. आई त्यांच्या तोंडाकडं एकटक बघायची आणि मान हलवायची. मी एकदा शेजारणीला सांगितलं, मावशी, तिला असं कळत नाही. ती म्हणाली, "तू दिसभर शाळंत असतीस. तुला काय म्हाईत? आमचं सगळं कळतं तिला." मी आईला विचारलं, कळतं का तुला? तिनं हात झटकला आणि अभ्यासाला बस म्हणाली.

परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवशी शाळेत जादा तास होता. सकाळी छावणीत चाऱ्याचा ट्रक आला, कुट्टी केलेला हिरवा चारा. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी बाधते, हे आमच्याकडं लहान पोरांनाही ठाऊक असतं. पण बारीक कुट्टी करून वाढ्यात, म्हणजे उसाच्या शेंड्यांत, मिसळली की ती कुणाला ओळखू येत नाही. वरच्या दावणीतला एक बैल कुट्टी खाल्ल्यावर थोड्याच वेळात धापा टाकत आडवा झाला. सोसायटीच्या सेक्रेटरीनं ताबडतोब भोंग्यावरून सांगितलं, आजचा चारा कुणी टाकू नका, टाकला असंल तर काढून घ्या. सगळ्यांनी ऐकलं. आई पाटीतली कुट्टी गायीपुढं टाकायच्या बेतात होती.

शेजारीण धावत आली. हे मी तिच्या बाजूनं सांगते, कारण ती खरंच धावली होती. तिनं आईचे दोन्ही दंड धरून तिला आपल्याकडं वळवलं, मालिकेतला नवरा सुनेला वळवायचा तसंच, आणि ओठ ताणून सांगितलं, चारा टाकू नको, इख हाय त्याच्यात. आईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, हसली आणि मान हलवली. शेजारीण निर्धास्त होऊन आपल्या बैलांकडं गेली. पाटी हिसकावून घेतली असती, नुसतं बोट दाखवून हात आडवा हलवला असता, तर कुणालाही कळलं असतं. पण त्या सुनेला कधी कुणी हात हलवून सांगितलं नव्हतं. आईनं कुट्टी गायीपुढं ओतली.

निरोप मिळाला आणि मी शाळेतून धावत आले, तेव्हा गाय पडली होती. जनावरांचे डॉक्टर वडवणीहून येईपर्यंत तिचा श्वास थांबला. आई तिची मान मांडीवर घेऊन बसली होती आणि पोटावर हात ठेवून आतलं वासरू हलतंय का ते बघत होती. बराच वेळ बघत होती. मी तिचा हात उचलायला गेले, तर तिनं माझा हातही तिथं ठेवून घेतला. पोट गार पडत चाललं होतं. मी तेव्हा रडले, मोठ्यानं, सगळ्या छावणीत ऐकू जाईल असं.

भोवती माणसं जमली. सेक्रेटरी शेजारणीला म्हणाला, तुमी हिला सांगितलं न्हाई का? ती बाई पांढरीफटक पडली होती.

"म्या तिच्या तोंडाम्होरं हुबी राहून सांगितलं," ती म्हणाली. "तिनं मान हलविली. आता म्या काय करावं?"

आणि मग सगळे आईकडं बघायला लागले. कळत न्हवतं तर मान कशापायी हलविली, असं कुणी तरी मागून म्हणालं. दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. संध्याकाळपर्यंत छावणीत एवढंच बोलणं उरलं होतं, की मुकीनं आपल्या हातानं आपली गाय मारली. वैनी म्हणणं त्या दिवशी बंद झालं. हे सगळं आईला ऐकू येत नव्हतं, ही एकच गोष्ट मला त्या दिवशी बरी वाटली.

जनावर नसलं की छावणीत जागा नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लुगडी उतरवली, भांडी गाठोड्यात बांधली. शेजारीण तिकडं तोंड करून शेण भरत होती. माझ्या मनात ते आदल्या दिवसापासून ठसठसत होतं, म्हणून मी आईला विचारलंच. कळलं नव्हतं, तर मान का हलवलीस?

आईनं गाठ मारायची थांबवली. डोक्यावर पदर घेतल्यासारखं करून भोवती बोट फिरवलं, म्हणजे त्या बायका. बायका येतात. जवळ बसतात. माझ्या तोंडाकडं बघून बोलतात. मला त्यातलं काहीच कळत नाही, पहिल्या दिवसापासून कळत नाही. पण कळत नाही म्हटलं असतं, तर परत आल्या नसत्या.

एवढं बोलून तिनं माझ्याकडं पाहिलं, मी रागावते की काय म्हणून. मला राग आला नाही. आई बोलायची ते माझ्याशीच, आणि मला वाटायचं, तिला मी आहे, तिचं भागतंय. तिला आणखी माणसं हवी होती, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मला तिला काही तरी सांगायचं होतं, पण आमच्या हातांत त्याला खूण नव्हती.

मी गाठोडं उचलून तिच्या डोक्यावर दिलं. ते जड होतं, धरायला दोन्ही हात वर लागले. गाव येईपर्यंत आई काहीच बोलू शकली नाही.