कवळीचा ठेका

कवळीवाले घराच्या मागच्या खोलीत लोकांचे दात बनवायचे. दवाखान्यांतून तोंडाची मापं यायची आणि ते कोपरापर्यंत प्लास्टरने माखून कवळ्या घडवायचे. सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. बायको रागावली की तीही. संध्याकाळ झाली की टेबलावरचे जबडे एका बाजूला सारायचे आणि नाचाची गाणी बनवायला बसायचं, हा त्यांचा नाद.

सामान म्हणाल तर सगळा आनंदीआनंद. मेव्हण्याने टाकून दिलेला लॅपटॉप, एक पट्टी चमच्याने ठोकल्याशिवाय न वाजणारा खेळण्यातला पियानो, पायमोज्यात गुंडाळलेला माईक आणि आवाज घुमू नये म्हणून खिडकीला टांगलेली रजई. हेडफोनचा उजवा कान मुका. बायकोने एकदा त्यांचं गाणं स्पीकरवर लावलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की डावीकडे ड्रम वाजतायत आणि उजवीकडे बासरी भलतंच गाणं गातेय.

त्यांचं घोडं अडलं होतं ते टाळीपाशी. टाळीशिवाय नाचाचं गाणं कसलं? पण त्यांनी टाळी वाजवली की कुणीतरी डास मारतंय असंच वाटे. डबे झाले, लाटणी झाली, बायकोची चप्पल झाली. मग एका दुपारी तयार कवळी नीट मिटते का ते बघायला त्यांनी वरचे दात खालच्यांवर आपटले. टक्क. कवळीवाले जागीच थिजले. पुन्हा आपटले. इतका गोड आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

पंचाईत एवढीच, की ती कवळी होती शाळेतल्या मोठ्या बाईंची. बाईंनी कवळीवाल्यांना लहानपणी शिकवलं होतं, म्हणजे बहुतेक वेळ वर्गाबाहेर उभं केलं होतं. बाई निवृत्त झाल्या तरी त्यांचा फोन आला की कवळीवाले अजून उठून उभे राहत.

गाणं पूर्ण होईपर्यंत कवळी ठेवून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. बाईंचा फोन आला की बायकोने सांगायचं, पॉलिश चालू आहे. बाई पेजेवर दिवस काढत होत्या. शेवटी त्यांचा धीर सुटला आणि त्या स्वतःच येऊन थडकल्या.

आतून धाडधाड आवाज येत होता. बाईंनी दार ढकललं. कवळीवाले डोळे मिटून, कंबर हलवत, दोन्ही हातांनी बाईंचे दात पायमोज्यासमोर वाजवत होते. बाईंनी खांद्यावर बोट ठेवलं तशी त्यांची दातखीळच बसली.

बाई काहीतरी बोलल्या. दात नसल्याने त्यातलं अक्षरही कळेना. सूर मात्र चांगलाच ओळखीचा होता. बाईंनी कवळीसाठी हात पुढे केला. कवळीवाल्यांनी सवयीने छडी खायला आपला तळवा पुढे केला. दोघांचेही हात तसेच पुढे.

शेवटी बायकोनेच कवळी धुऊन बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "तिसऱ्या ठोक्याला घाई करतोस तू. तेव्हाही कवायतीत असाच पुढे पळायचास."

"हो, बाई."

"सरक तिकडे. पुन्हा लाव ते."

बाई खुर्ची ओढून पायमोज्यासमोर बसल्या आणि तोंडातल्या तोंडात दात वाजवू लागल्या. तोंडातून तो आवाज आणखीच भरदार येत होता, आणि एकही ठोका इकडचा तिकडे नाही. मधेच कवळीवाल्यांना पोक काढून बसलेलं बघून त्या कडाडल्या, "पाठ सरळ!" तेही रेकॉर्ड झालं. बाईंच्या आवाजाला कात्री लावायची कवळीवाल्यांची छाती नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं.

कवळीवाल्यांची भाची बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायची. तिने ते गाणं लावलं. "पाठ सरळ" आलं की अख्खा हॉल ताठ व्हायचा आणि पुन्हा नाचायला लागायचा. खालच्या मजल्यावरचा शिंपीही मशीनवर बसल्या बसल्या ताठ होतो, अशी तक्रार आली. बायकांनी गाणं डोक्यावर घेतलं, रोज तेच हवं म्हणाल्या. बाई एकदा ऐकायला गेल्या आणि पहिल्या रांगेतल्या तिघींचा पाय चुकतो, एवढंच बोलून परतल्या. पण जिना उतरताना त्या दात वाजवत होत्या, असं भाची सांगते.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी कवळीवाल्यांना आणखी एक कवळी करायला सांगितली, खास वाजवायला. एका तोंडाला दोन कवळ्या कशाला, अशी दवाखान्यातून विचारणा आली तेव्हा कवळीवाल्यांनी घसा खाकरून फोन खाली ठेवला.

आता बाई रोज दुपारी येतात. आधी कवळीवाल्यांची नखं बघतात, मग टेबल आवरायला लावतात, मग तालीम. नवं गाणं गोगलगाईच्या चालीने पुढे सरकतंय. परवा कवळीवाले वैतागून बायकोला म्हणाले, "घर माझं, पियानो माझा, आणि मला पाणी प्यायलाही विचारून जावं लागतं. तू तरी बोल ना त्यांना."

बायकोने वही काढून बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं. बाईंनी तिला मॉनिटर केलं होतं.