दादू तांडेलाचं ताजं पाणी

दादू तांडेलाचं कुणाशी सलग दोन दिवस पटलं, तर तिसऱ्या दिवशी त्यालाच चुकल्यासारखं व्हायचं. करंज्याच्या बंदरात स्वतःची मासेमारीची बोट होती तोवर हा स्वभाव खपून गेला. समुद्रात बोट चालवणारा तांडेल ओरडणारच, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण मासळी आटली, दादूचे गुडघे गेले, आणि कंटेनर यार्डात नोकरीला लागलेल्या प्रितमनं, त्याच्या मुलानं, खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दादूनं बोट विकली आणि जुनी पद्मिनी घेतली. निळी, कारण बोटही निळी होती. ती गाडी दारात होती म्हणून तो अजून तांडेल होता. ती गेली असती तर मुलाच्या घरात टीव्हीसमोर बसवलेला एक म्हातारा, एवढंच उरलं असतं. दादू वादळाला कधी भ्याला नव्हता, पण याला भ्यायचा.

बोटीचं इंजिन समुद्राचं पाणी आत ओढतं आणि गरम झालेलं बाहेर फेकतं. इंजिनाला सतत ताजं पाणी हवं, हे दादूच्या हाडात मुरलं होतं. म्हणून रोज सकाळी तो पद्मिनीच्या रेडिएटरखालचा नळ सोडायचा, कालचं पाणी आवारात वाहू द्यायचा आणि सोसायटीच्या बोअरिंगच्या पाण्याची बादली वरून ओतायचा. “शिळं पानी आपन पितो काय? मंग तिनं का प्यावं?” असं बायकोला, ठमाबाईला, विचारायचा.

गाडी उभी राहायची ती तळमजल्यावरच्या चारुदत्ताच्या खिडकीसमोर. हा सोसायटीचा सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेला. रोज एक नोटीस फळ्यावर लावल्याशिवाय याला जेवण पचत नसे. पहिल्याच आठवड्यात तो खिडकीतून म्हणाला, “तांडेल, ही मोटार आहे, होडी नव्हे. बोअरिंगचं पाणी रोज ओतलंत तर आत खार धरेल. चांगलं पाणी एकदा भरा आणि राहू द्या.”

सांगणं खरं होतं, पण सांगण्याची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्यानं मुद्दाम उलट करावं. होडी हा शब्द तर दादूला मिरचीसारखा झोंबला. “मना शिकवतंस? तुज्या बापानं तरी इंजिन बगितलं व्हतं काय?” तो गरजला आणि त्या दिवशी एकाऐवजी दोनदा पाणी बदललं. तिथून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं नातं सुरू झालं. चारुदत्त ओल्या आवाराबद्दल नोटिसा लावायचा, दादू त्या फाडायचा.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात पद्मिनी तापायला लागली. पेणला मेहुणीकडे जाताना कर्नाळ्याच्या चढावर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ आली. दादूनं फॅनचा पट्टा बदलला. रेडिएटरचं झाकण बदललं. पाण्याचा पंप उघडून पाहिला, तो ठणठणीत. थर्मोस्टॅट पाणी अडवतो म्हणून तो उपटून फेकला. तरी गाडी तापायचीच, मग हा आणखी ताजं पाणी ओतायचा. असं करता करता एके दिवशी ती सोसायटीच्या गेटातच बंद पडली आणि अख्ख्या बिल्डिंगच्या गाड्या आत अडकल्या. सभेत ठराव झाला, की पुन्हा असं घडलं तर गाडी भंगारात. चारुदत्त हसत म्हणाला, “दिवाळीसुद्धा बघत नाही ती.”

हे हसणं दादूच्या डोक्यात बसलं. त्याच सुमाराला चारुदत्तानं आपल्या मागच्या भिंतीला सफेदी करायला चुन्याची गोणी आणून ठेवली होती, नेमकी गाडीच्या बाजूला. दादूनं दोन आणि दोन पाच केले. आणि गणपतीच्या आधी गाडी पुन्हा गेटात बसली, तेव्हा तो बिल्डिंग हादरेल असा ओरडला, “यानंच काय तरी घातलाय माज्या गाडीत! या समदे, बगा!”

सगळे जमले. दादूनं रेडिएटरचा जाड पाइप ओढून काढला आणि खाली घमेलं धरलं. गढूळ पाण्याबरोबर पांढऱ्या खपल्या भदाभदा पडल्या. घमेल्याचा तळ दिसेनासा झाला. लोकांनी आधी घमेल्याकडे पाहिलं, मग त्या गोणीकडे, मग चारुदत्ताकडे. नोटिसांना सगळेच विटलेले होते. दोषी हाच ठरावा, अशी प्रत्येकाची मनापासून इच्छा होती.

“मी कशाला घालू?” चारुदत्ताचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. “हा पाण्यातला खार आहे! मी यांना पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं!”

तिसऱ्या मजल्यावरच्या शशिकलाबाई पुढे आल्या. “दादूकाका, तुम्ही तंबाखू मळता. चुना तुम्हाला कळणार. चाखून सांगा, काय आहे हे?”

दादूनं एक खपली उचलली, बोटात चुरडली आणि जिभेवर ठेवली. चुना जिभेला चावतो. हे चावलं नाही. नुसती कचकच लागली. आणि ही कचकच तो रोज तोंडात घेत होता. बोअरिंगचं पाणी ज्या टोपात ठमाबाई आंघोळीला तापवायची, त्या टोपाच्या बुडाला अश्शाच खपल्या धरायच्या, आणि चूळ भरताना दाताखाली यायच्या. म्हणजे गाडी चारुदत्तानं मारली नव्हती. दादूनंच मारली होती, रोज एक बादली.

खरं बोललं तर आजच्या आज गाडी भंगारात जाणार होती. त्यानं चारुदत्ताच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड त्याला आजही तितकंच नकोसं वाटलं.

“चुनाच हाय,” तो म्हणाला.

चारुदत्ताचं सेक्रेटरीपद त्याच संध्याकाळी गेलं. नवा रेडिएटरही त्याच्याच खर्चानं बसला. मेकॅनिक काळूरामनं आत खार न धरणारं हिरवं कूलंट भरलं आणि बजावलं, “आता हात लावू नका. हे बदललं तर इंजिन गेलंच समजा.” पद्मिनी कर्नाळ्याचा चढ गुमान चढून आली. काटा मधून हलला नाही. दादूला बोट परत मिळाल्यासारखं झालं.

घरी ठमाबाईनं टोप त्याच्यासमोर आदळला. “ह्याच्यात कोनी घातला चुना? त्यो बी चारुदत्तानंच काय?” दादू टीव्हीकडे बघत राहिला.

आठवड्यानं एका सकाळी आवारात चारचौघं उभी असताना खिडकी उघडली. चारुदत्त शांतपणे म्हणाला, “तांडेल, हल्ली पाणी बदलत नाही? शिळंच चालतं वाटतं तिला? की खार धरतो, हे आता पटलं?”

चारचौघं दादूकडे वळली. शशिकलाबाईही थांबल्या. आता पाणी बदललं नाही तर तो खोटारडा ठरत होता, आणि बदललं तर गाडी जात होती. गाडी वाचवायला ‘खारच होता’ हे एक वाक्य पुरलं असतं, पण ते चारुदत्तासमोर बोलायचं होतं.

“कोन बोलतं बदलत नाय?” दादू म्हणाला. त्यानं बादली आणली, वाकला आणि नळ सोडला. हिरवं पाणी आवारातून चारुदत्ताच्या खिडकीखाली वाहत गेलं. ते संपेपर्यंत दादू उभा राहिला. मग त्यानं बोअरिंगची बादली उचलून ओतली.

वरून, गॅलरीतून, ठमाबाईनं विचारलं, “उद्याची बादली भरून ठेवू काय?”

“ठेव,” दादू म्हणाला.