खरूज गेली, खाज राहिली

मांडवगण फराट्यात त्या काळात जन्मलेल्या निम्म्या पोरांना तरी धुरपदाबाईनं न्हाऊ घातलं असेल. मलाही तिनंच घातलं, असं आई सांगते. पाटावर बसून ती पाय लांब करायची, नडग्यांवर बाळ पालथं घालायची आणि पाठीवरून तेलाचा हात असा फिरवायची, की अंगावर पाणी पडायच्या आधीच रडतं पोर पेंगायला लागायचं. तिचा बाप मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं हिंडलेला. ती मात्र रखमाजीच्या घरी नांदायला आली आणि गावातच रुजली.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तिला खरूज झाली. ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांत, कोप्यांवर, एका बाळंतिणीकडं ती आठ दिवस जात होती. खरूज तिथून आली की आणखी कुठून, कोण सांगणार? बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड उठले, मग मनगटांवर, मग कमरेला. सरकारी दवाखान्यातून पांढरं औषध मिळालं. घरातल्या सगळ्यांनी गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं होतं. रखमाजीनं वासावरून कुरकुर केली, पण लावलं. गोधड्या उकळल्या, उन्हात टाकल्या. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

रखमाजीचं अंग शांत झालं. धुरपदाबाईचं झालं नाही.

फोड सुकले, खपल्या पडल्या, तरी मनगटाच्या आत कुणीतरी मुंग्यांची ओळ सोडल्यासारखं होई. औषध कमी पडलं, असं तिला वाटलं. उरलेल्या बाटलीतलं तिनं रोज लावायला सुरुवात केली. कातडी लाल झाली, तडकली, आणि खाज वाढली.

त्याच दिवसांत शेजारची पूनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आई ताईबाई बाळाला न्हाऊ घालायचं सांगायला आली, तेव्हा धुरपदाबाईनं हात पदराखाली घेतले.

"मनगाट धरलंय माझं. दुसरी कुणीतरी बघा."

ताईबाई गेली, तशी ती उंबऱ्यावरच बसून राहिली. समोर उसाचे तुरे वाऱ्यावर हलत होते आणि तिला वाटत होतं, आपले हात आता आपले राहिलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात बालवाडीत लसीचा दिवस होता. दर वेळी धुरपदाबाई रडती पोरं मांडीवर धरायची. त्या दिवशी ती कुंपणाबाहेर लिंबाखाली उभी होती. लस द्यायला आलेल्या सीमा सिस्टरनं तिला पाहिलं. काम उरकल्यावर ती बाहेर आली, काही न विचारता तिचा हात धरून उन्हात नेला आणि चष्मा सावरत एकेक बेचकं तपासलं.

"मावशी, नवा फोड एकही नाही. औषध अजून लावताय का?"

"रोज लावती. पर किडं मरंनात."

"किडे कधीच मेलेत. त्यांची मढी आणि घाण कातडीत राहिलीय. ती निघून जाईपर्यंत अंग खाजतं. दोन आठवडे, कधी चारसुद्धा. तुम्ही वरून औषध चोळून कातडी भाजून घेतलीय. बंद करा ते."

"मग लावू काय?"

"अंघोळीला कोमट पाणी, कढत नको. अंग ओलं असतानाच खोबरेल. फार खाजलं तर गार पाण्याचं फडकं ठेवा. नखं काढा. आणि ही गोळी संध्याकाळी घ्या, झोप येईल. नवे फोड आले किंवा महिन्यानंतरही राहिलं, तर मला दाखवायचं."

"आन् बाळाला हात लावला तर?"

"लावा की. तुमच्याकडून आता कुणाला काही होत नाही."

धुरपदाबाईला हे खरं वाटेना. खाज असेल तर किडा असणारच. तरी तिनं बाटली फेकून दिली.

पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला गोळी घेऊन ती पडवीत कलंडली. चुलीचा धूर, रखमाजीचं खोकणं, दूर कारखान्याकडं चाललेल्या ट्रॅक्टरचा आवाज, सगळं कापसासारखं विरत गेलं. आणि मग नदीच्या काठानं मेंढरं चालताना दिसू लागली. नुकती कातरलेली, बुटकी, धुक्यातून चाललेली. एक मेंढी मागं राहून बाभळीच्या बुंध्याला अंग घासत होती. बाप काठीवर हनुवटी टेकून तिच्याकडं बघत होता.

"आबा, हिची खरूज गेली न्हाई का?" आठ वर्षांच्या धुरपदानं विचारलं.

"गेली. पर अंगाला कळाया येळ लागतो, पोरी. घासू दी."

जाग आली तेव्हा तिला आठवलं, हे स्वप्न नव्हतं. हे घडलं होतं. औषध लावलेली मेंढरं महिनाभर झाडांना अंग घासत आणि मग एक दिवस आपोआप थांबत. सिस्टरचं बोलणं तेव्हा कुठं तिच्या गळी उतरलं.

ती दुपारी मनगटावर ओलं फडकं ठेवून बसू लागली. डोळे मिटले की नदीचा गारवा हातातून वर चढल्यासारखा वाटे.

पूनमला मुलगी झाली. पाचव्या दिवशी धुरपदाबाई स्वतःहून गेली आणि दारातच हात पुढं केले.

"मनगाट धरलं म्हनले ते खोटं व्हतं. खरूज झालती. आता न्हाई, पर खाज हाय अजून. सिस्टर म्हनत्यात भ्या न्हाई. तुमाला नगं वाटलं तर मी जाती."

ताईबाई लेकीकडं बघायला लागली. पूनम बाजेवरूनच म्हणाली, "सिस्टर आमालाबी म्हनल्या व्हत्या, मावशीला बोलवा म्हनून. पानी तापलंय, या."

पाटावर बसताना मनगटाला खाज आली. तिनं ती येऊ दिली, हात हलवला नाही. मुलीला नडग्यांवर घेतलं, तेलाचा तळवा पाठीवर ठेवला. बाळाच्या मुठी सैल झाल्या, डोळे जड झाले. न्हाणीत वाफ दाटली होती, आणि त्या वाफेत दोघी बराच वेळ तशाच राहिल्या.

"झोपली गं," पूनम न्हाणीच्या दारातून हळूच म्हणाली.

खाज कुठल्या दिवशी थांबली, ते धुरपदाबाईला सांगता येत नसे. मनगटावरचे काळसर डाग चैत्रापर्यंत दिसत होते, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं.